जर-तरची हमी

राज्य मंडळाच्या बारावी विज्ञानाच्या गणितात पहिलंच प्रकरण तर्कशास्त्राचं. लातूरच्या ट्यूशन एरियात काय नि नांदेडच्या क्लासांत काय, हक्काचे गुण म्हणून ते भराभर उरकतात. त्यातला नियम असा: ‘जर-तर’ विधान खोटं ठरतं ते एकाच वेळी, ‘जर’ खरा आणि ‘तर’ खोटा असेल तेव्हा.

क्लासांच्या जाहिराती याच नियमावर उभ्या आहेत. ‘मन लावून अभ्यास केलात, तर नंबर लागणारच.’ लागला, तर विधान खरं. नाही लागला? मग पोरानं मन लावलंच नव्हतं. ‘जर’च खोटा, म्हणजे विधान पुन्हा खरं. फी परत मागायला निघालेल्या बापानं आधी सत्यता कोष्टक मांडून बघावं.

क्लासवाल्यांचे संच मात्र कच्चे. एकच गुणवंत दोन-तीन फलकांवरून हसतो, आणि छेद वजा न करता बेरीज छापली जाते.

तर्कशास्त्रज्ञ रसेल आणि व्हाइटहेड यांना ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’च्या पहिल्या खंडात (१९१०) एक अधिक एक दोनच्या जवळपास पोचायला ३५० हून जास्त पानं लागली. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं. दोघांचाही नंबर लागला नसता. कारण अर्थातच, मन लावून अभ्यास केला नाही.