डिफॉल्टर विद्यार्थी : व्याख्या, कारणे व वसुली

ज्या विद्यार्थ्याची हजेरी 75 टक्क्यांपेक्षा कमी भरते, त्याला महाराष्ट्रातील महाविद्यालयांत डिफॉल्टर म्हणतात. हा विद्यार्थी वर्गात क्वचित आणि सूचनाफलकावर हमखास सापडतो. सत्र संपायला तीन आठवडे उरले की डिफॉल्टर लिस्ट लागते. टर्म ग्रँट होणार नाही, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही, अशी तंबी मिळते. शिस्तीचा प्रश्न अत्यंत गंभीर असल्याचे सांगण्यात येते. मग दंड भरला की टर्म ग्रँट होते.

डिफॉल्टरांचे दोन प्रकार आहेत. पहिला कॅन्टीनमध्ये बसून गैरहजर राहतो. त्याच्या वडिलांची वर ओळख असल्यामुळे तो यादीत फार दिवस टिकत नाही, म्हणून त्याचा येथे विचार केलेला नाही. दुसरा कामावर असल्यामुळे गैरहजर राहतो. पेट्रोल पंप, मेडिकलचे काउंटर, एटीएमच्या दारातली प्लॅस्टिकची खुर्ची, किंवा पाठीवर चौकोनी बॅग लावून रात्री साडेअकराला दुसऱ्याची बिर्याणी पोचवणारी दुचाकी, ही त्याची ठिकाणे. पुण्यात तो कॉट बेसिसवर राहतो आणि मेस एकाच वेळची लावतो. दुसऱ्या वेळी भूक लागत नाही, असे तो घरी फोनवर सांगतो.

या प्रकाराची वाढ फीबरोबर झाली. 1983 मध्ये राज्यात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे दार उघडले. 1987 मध्ये कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा आला. बंदीचा आदर राखून, पावतीवर घेता येतील अशी नावे शोधण्याचे शास्त्र त्यानंतर भरभराटीला आले. आजची फीची पावती या शास्त्राचा उत्तम नमुना आहे : शिकवणी शुल्क, विकास शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, ओळखपत्र, स्नेहसंमेलन, नियतकालिक, आणि सगळ्यांत खाली, सगळ्यांना पुरून उरणारे ‘इतर’. शासनाची सवलत मुख्यतः शिकवणी शुल्काला मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रमांना 8 लाखांच्या उत्पन्नमर्यादेत कित्येकांना ते निम्मे माफ होते. 2024-25 पासून त्याच मर्यादेतल्या आर्थिक दुर्बल व मागास प्रवर्गांतील मुलींना शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खोलीभाडे, मेस, बसचा पास आणि ‘इतर’ यांना माफीचा स्पर्श झालेला नाही. शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा वर्ष सरताना येते. प्रवेशाची रक्कम मात्र प्रवेशाच्याच दिवशी लागते. या दोन तारखांमधले अंतर रात्रपाळीने भरून निघते.

दंडाचे गणित कोणत्याही अभ्यासक्रमात नसल्यामुळे येथे सोडवून दाखवणे भाग आहे. समजा, एका विषयाचा दंड 500 रुपये आणि विषय सहा. एकूण दंड 3,000. रात्रपाळीचे 400 रुपये धरले, तर आठ जादा रात्री लागतात. जादा रात्रीनंतरची सकाळी आठची तासिका झोपेत जाते, म्हणजे आठ तासिका बुडाल्या. 60 तासिकांच्या विषयात आठ म्हणजे 13 टक्के. सत्तर टक्क्यांवरचा विद्यार्थी 57 वर आला. हजेरी आणखी घसरल्यास दंड दुप्पट, असा नियम धरू. आता पंधरा रात्री लागतात आणि हजेरी 32 वर येते. तिसऱ्या फेरीत तीस रात्री, आणि हजेरी उणे 18 टक्के. म्हणजे विद्यार्थी आता न झालेल्या तासिकांनाही गैरहजर असतो. या टप्प्यावर महाविद्यालयाला विद्यार्थ्याची गरज उरत नाही, त्याच्या पगाराची तेवढी उरते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने याहून आदर्श विद्यार्थी असू शकत नाही. तो बाक अडवत नाही, पंखा लावायला सांगत नाही, शंका विचारत नाही, ग्रंथालयातले पुस्तक मागून ग्रंथपालाला उठवत नाही, जिमखान्यातल्या एकुलत्या कॅरमला हात लावत नाही आणि या सगळ्याचे पैसे मात्र भरतो. अशी सगळीच मुले मिळाली तर इमारत बांधण्याचीही गरज नाही, नुसती खिडकी पुरे. विकास शुल्क अर्थातच चालू राहील, कारण खिडकीचाही विकास करावा लागतो. काही ठिकाणी हजेरीसाठी बोटाचे ठसे घेणारे यंत्र बसवले जाते. त्याचा खर्च ‘इतर’मध्ये धरला, तर पकडणाऱ्याचे पैसे पकडला जाणाराच भरतो. रात्रभर भांडी घासलेल्या बोटांचा ठसा या यंत्रावर उमटत नाही, हा गुण वेगळाच. मुलगा हजर असतो, यंत्र नाही म्हणते, आणि यंत्राचे ऐकले जाते.

दंडापूर्वीचा विधी म्हणजे पालकांना बोलावणे. पहिले सत्र संपते तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात कापसाची वेचणी चालू असते. किनवटकडचा बाप त्या दिवसांत रात्रीची एसटी पकडून पुण्यात येतो. एका दिवसासाठी जाण्यायेण्याचे भाडे आणि वेचणीचे दोन-तीन दिवस जातात. सकाळी तो ऑफिसबाहेरच्या बाकावर बसतो. पिशवीत मुलासाठी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी असतात. साडेअकराच्या सुमारास आत बोलावतात. “काका, मुलाकडे लक्ष द्या जरा. कुठे असतो तो दिवसभर, माहीत आहे का तुम्हाला?” काकांना चांगले माहीत असते. दिवाळीला मुलाने घरी दोन हजार पाठवले, ते कुठून आले हेही माहीत असते. पण समोर शिकलेला माणूस बसलेला असतो, म्हणून काका म्हणतात, “चुकलं साहेब,” आणि पाल्य यापुढे नियमित उपस्थित राहील अशा छापील मजकुराखाली सही करतात. काय चुकले, हे त्या खोलीत कोणीही सांगू शकणार नाही. राबणारा मुलगा उनाडच असणार, हे ज्या टेबलामागून ठरवले जाते ते टेबल त्याच मुलाच्या विकास शुल्कातून आलेले असते. त्याला विचारण्यासारखा प्रश्न एकच होता, जेवलास का. तो कोणत्याही नमुन्यात छापलेला नाही.

हजेरी घेणारा माणूसही अभ्यासण्याजोगा आहे. तो बहुधा तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्यात, संध्याकाळी क्लासमध्ये. झालेल्या तासिकांचे मानधन अनेकदा महिनोन् महिने अडकते. नेट किंवा सेट आणि पीएच.डी. झालेला हा गृहस्थ अर्धपोटी उभा राहून दुसऱ्या अर्धपोटी माणसाच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करतो. दोघेही बसची वेळ बघत असतात. फी वाढली ती शिकवणाऱ्यासाठी नव्हे, एवढे येथे सिद्ध होते. ती कुठे जाते, याचा शोध घेण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. प्रवेशद्वारावर कमान असते. कमानीला ग्रॅनाइट असते, ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरे असतात, आणि दर दोन वर्षांनी जुनी कमान पाडून तिच्याहून उंच कमान उभारली जाते. कमानीखालून ट्रक जाईल एवढी उंची कशाला, हे वाटसरूंना कळत नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक दोन आणि मुले साठ, हे मात्र कमानीखालून आत गेल्यावर लगेच कळते.

उपायांकडे वळायचे तर ‘कमवा आणि शिका’ ही महाराष्ट्राची जुनी आणि चांगली योजना आहे. ती आखली तेव्हा कमाईत शिक्षण बसत होते. आता ग्रंथालयात रोज दोन-तीन तास पुस्तके लावून मेसचा काही भाग निघतो, फी निघत नाही. मुंबईत कारकून आणि कामगारांसाठी संध्याकाळी भरणारी रात्र महाविद्यालये पिढ्यान् पिढ्या चालली. तासिका माणसाच्या पाळीप्रमाणे ठेवता येते हे तिथे सिद्ध झाले असूनही इतरत्र या शोधाचा प्रसार झाला नाही. सर्वांत आधुनिक उपाय 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथे पूर्ण केल्यास ऑनर्स. पूर्वी पैसे संपल्यामुळे शिक्षण सुटले की त्याला गळती म्हणत आणि समित्या नेमत. आता पैसे संपण्याच्या प्रत्येक टप्प्यावर एक दार आहे आणि दारावर कागद मिळतो. ज्याचे पैसे संपत नाहीत, त्याला दार दिसतही नाही.

वसुलीची पद्धत सर्वत्र साधारण सारखीच आहे. दंड रोख स्वीकारला जातो. भरणा खिडकी क्रमांक तीनवर, सकाळी 10 ते 1 या वेळेत करावा लागतो. याच वेळेत तासिका चालू असतात. रांगेत उभे राहिल्यामुळे बुडालेली तासिका गैरहजेरीतच धरली जाते.