वाढत्या अंगाचं व्हायोलिन

सोलापूर देशभरातल्या शाळांचे गणवेश शिवतं. बाही अर्धा इंच लांबली तर इथला कारागीर ती उसवून पुन्हा शिवतो. त्याच गावात सात वर्षांच्या पोराच्या खांद्यावर मात्र मोठ्यांचं व्हायोलिन! 'वाढत्या अंगाचं घेतलंय,' वडील कौतुकानं सांगतात. पाव, अर्धं, पाऊण अशी मापं मिळतात. पण अर्ध्या व्हायोलिनला पुरते पैसे कोण मोजणार? हात लांबवूनही बोटं टोकाच्या वळणाला पोचत नाहीत, मान आखडते, खांदा कानाला भिडतो. निदान तयारच असतं: 'पोराला गाण्याचं अंगच नाही.' मिरजेत तंबोरेसुद्धा पुरुषी आणि जनानी अशा वेगळ्या मापांत घडतात. पालकहो, दुकानात जाताना निदान पोराला बरोबर न्या.