यजमानीणबाईंच्या हद्दीत

बोलोन्याला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यावर एकाच वेळी दोन सत्तांचा अंमल चालतो. एक इटालियन प्रजासत्ताकाचा, आणि दुसरा, ज्या घरात तो पाहुणा म्हणून राहतो त्या घरच्या सिन्योरांचा, म्हणजे यजमानीणबाईंचा. पहिल्या सत्तेचे नियम छापलेले असतात. त्यांना मुदत आहे, पावती आहे, वकील आहेत. दुसरीचे नियम कुठेही लिहिलेले नाहीत, आणि ते मोडल्याचं आपल्याला कळतं तेव्हा शिक्षा सुरू झालेली असते. व्हिसाची फाइल करून देणारे एजंट पहिल्या सत्तेबद्दल फी घेऊन सगळं सांगतात. दुसरीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे मार्गदर्शन.

आधी सरकारी बाजू उरकून टाकू. देशात पाऊल ठेवल्यापासून कामकाजाच्या 8 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो. तो पोलिसांकडे नव्हे, पोस्टात. फॉर्म भरायचे, 16 युरोंचं तिकीट चिकटवायचं, पावती घ्यायची, आणि बोटांचे ठसे द्यायला कधी जायचं ते कळलं की निश्चिंत व्हायचं. घाई फक्त अर्जाची. परवान्याची घाई कुणालाच नसते. पावती मात्र जपा, पुष्कळ काळ तीच परवान्याच्या जागी दाखवायची आहे. मग 16 अक्षर-आकड्यांचा करक्रमांक. त्यात आडनावातली व्यंजनं सर्वांत आधी येतात, भारतात जन्मलेल्या सगळ्यांच्या वाट्याला झेड 222 येतं, आणि मुलींच्या जन्मतारखेत 40 मिळवतात. पाच तारखेला जन्मलेल्या मुलीने आपल्या क्रमांकात 45 बघून खिडकीपाशी वाद घालू नये. चूक झालेली नाही. राज्याची हीच पद्धत आहे.

एवढं झालं की सरकारशी तुमचा संबंध जवळजवळ संपला. आता घर.

रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जाऊ नये हे आईने शिकवलेलं असतंच. पण फुलं न्यायची तर शेवंती नको. आपल्याकडे जी वेणीत चालते आणि देवालाही चालते, ती तिथे 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, थडग्यांवर वाहतात. घरात सगळे धडधाकट असताना शेवंतीचा गुच्छ घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही. त्यापेक्षा चिवडा न्यावा. तो वाटीत ओतून वाइनबरोबर समोर येईल. या वापराला हरकत घेऊ नये. दारातच गालाला गाल लावण्याचा विधी होतो, दोन्ही बाजूंनी. सुरुवात कुठल्या गालापासून करायची याचा अंदाज बांधू नका. मान स्थिर ठेवावी आणि समोरच्या व्यक्तीला येऊ द्यावं. मध्येच नमस्काराला वाकल्यास नाकं आपटतात.

युरोपात इतरत्र मराठी विद्यार्थ्याला पहिल्या सकाळी जो घोर लागतो तो इटलीत लागत नाही. 1975 च्या सरकारी आदेशानुसार घरातल्या किमान एका न्हाणीघरात बिदे, म्हणजे शौचानंतर पाण्याने धुण्याचं बसकं भांडं, असायलाच हवं. कागदावर विसंबलेल्या शेजाऱ्यांच्या गराड्यात राहून पाण्याच्या बाजूने कायदा करणाऱ्या या राष्ट्राबद्दल मनात आदर असू द्यावा. बिदेशेजारच्या छोट्या टॉवेलला मात्र तोंड पुसू नये. शॉवरपाशी एखादी दोरी लोंबत असेल तर तिच्यावर पंचा वाळत घालू नये. न्हाताना पडलेल्या माणसाने मदत मागावी म्हणून ती असते, आणि मदत खरोखरच येते. मोरी शोधण्यातही वेळ घालवू नका. बादली-तांब्याने पहिली आंघोळ केलीत, की ते पाणी पुसण्यात तुमचं पहिल्या तासिकेचं लेक्चर जाईल.

विजेचं थोडक्यात. बहुतेक घरांची जोडणी 3 किलोवॉटची असते. ओव्हन, वॉशिंग मशीन आणि तुमची किटली एकदम लागली की घरात अंधार. किटली बंद असली तरी अंधारात पहिलं नाव तुमचंच घेतलं जाईल.

आरोग्य हा गंभीर विषय आहे. सिन्योरांच्या मते माणसाला होणारे बहुतेक रोग वाऱ्याने होतात. त्याला त्या कोल्पो दारिया म्हणतात: वाऱ्याचा झटका. मान आखडली, पोट दुखलं, परीक्षेत कमी गुण पडले, तरी चौकशी ओल्या केसांपासून सुरू होते. म्हणून ओल्या केसांनी घराबाहेर पडू नये, अनवाणी फरशीवर फिरू नये, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या एकाच वेळी उघडू नयेत. शासन या बाबतीत ढिलं आहे. बोलोन्याच्या पट्ट्यात नियमाने 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त 14 तास घर तापवायची परवानगी असते. 14 ऑक्टोबरची थंडी शासनाला दिसत नाही. सिन्योरांना दिसते. त्या तुमच्या अंगावर कुणाचा तरी जुना स्वेटर चढवतील. तो कुणाचा, हे विचारू नका. आणि व्हिडिओ कॉलवर आईची आणि सिन्योरांची गाठ तर मुळीच घालून देऊ नका. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही, तरी तुम्ही बारीक झाला आहात यावर अर्ध्या मिनिटात एकमत होतं आणि पुढची सगळी कार्यवाही संयुक्तपणे होते.

आता जेवण. इथे घाई करणार नाही, कारण सिन्योराही करत नाहीत.

नवखा विद्यार्थी पहिल्या रात्री हमखास फसतो. पास्त्याची खोल बशी समोर येते, तो भुकेलेला असतो, दुसऱ्यांदा वाढून घेतो, तिसऱ्यांदा नको म्हणताना संकोचतो, आणि तृप्त होऊन खुर्चीला टेकतो. तेवढ्यात बश्या उचलल्या जातात आणि जेवण सुरू होतं. पास्ता ही नुसती पहिली फेरी होती. म्हणून पोटाचे तीन भाग कल्पून एकच भरावा. बशीला लागलेला रस ब्रेडच्या तुकड्याने पुसून खायला घरात पूर्ण मुभा आहे. ही सवय आपल्या हाताला आधीपासून असल्याने या एका विषयात तरी तुम्ही पैकीच्या पैकी मिळवाल. स्पॅगेटी मोडून पातेल्यात घालणे, मच्छीच्या पास्त्यावर चीज किसणे आणि जेवणानंतर कापुचिनो मागणे हे तीन अपराध मात्र माफ होत नाहीत. पहिल्यात तर आवाजही होतो.

हे विनोदाने घेऊ नये. बोलोन्याचं विद्यापीठ स्वतःची स्थापना 1088 सालची सांगतं, पण शहराची काटेकोर विद्वत्ता पाहायची तर वाणिज्य मंडळात जावं. तिथे 1972 पासून तालियातेल्लेच्या पट्टीचा सोन्याचा नमुना ठेवला आहे. शिजल्यावर ती 8 मिलिमीटर रुंद भरली पाहिजे, म्हणजे गावातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. 1982 मध्ये रागू या मांसाच्या सॉसची पाककृतीही तिथेच रीतसर दाखल झाली. ज्या गावात नूडलची रुंदी दप्तरी नोंदलेली आहे, तिथे ‘आमच्याकडे पास्त्यात टोमॅटो केचप घालतात’ हे वाक्य उच्चारू नये. आणि मनोऱ्याचा विषय निघालाच आहे तर, पदवीआधी जो त्याच्या 498 पायऱ्या चढतो त्याला पदवी मिळत नाही अशी तिथल्या विद्यार्थ्यांची श्रद्धा आहे. नापास होण्याचं कारण हाताशी असावं, म्हणून मनोरा खुला असेल तेव्हा काहींनी चढायला हरकत नाही.

शाकाहारी विद्यार्थ्याला वेगळी सूचना. ‘मी मांस खात नाही’ हे वाक्य बोलोन्यात अपुरं ठरतं. सिन्योरा सहानुभूतीने मान हलवतील, क्षणभर विचार करतील आणि हॅम वाढतील. त्यांच्या लेखी मांस म्हणजे तव्यावरचा तुकडा. हॅम वेगळं, मोर्तादेल्ला वेगळं, आणि पानचेत्ता तर फोडणीपुरतंच. म्हणून नकार नावानिशी द्यावा लागतो. संध्येतली चोवीस नावं म्हणावी तसं न थांबता म्हणून दाखवावं: प्रोश्युत्तो नको, मोर्तादेल्ला नको, पानचेत्ता नको, साल्सिच्चा नको, तोन्नो नको, आणि शेवटी ठासून, स्त्रुत्तो नको. हे शेवटचं म्हणजे डुकराची चरबी. त्या भागातल्या क्रेशेंतीनेसारख्या निरागस दिसणाऱ्या तळलेल्या पदार्थांत ती असते. तोर्तेल्लीनी दिसायला गोड, आत डुक्कर. तोर्तेल्लोनी आकाराने मोठे, आत बहुधा रिकोत्ता. या एका अक्षरावर धर्म टिकतो किंवा जातो, तेव्हा कान देऊन ऐकावं. पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, हे ज्यांना आधी ठाऊक नव्हतं त्यांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजून पुढे जावं. कडक असणाऱ्यांनी पार्मेझान टाळावंच, पण मग घरात उरलेल्या भाज्यांशी लवकर मैत्री करावी.

कॉफीच्या मोका भांड्याला साबण लावू नये. लावलात तर सिन्योरा ओरडणार नाहीत, त्या फक्त ते भांडं हातात घेऊन हुंगतील.

कधीतरी, बहुधा दुसऱ्या रविवारी, तुम्हीही काहीतरी करून घाला असा हुकूम येतो. वरणभात करावा. फोडणीच्या आधी सगळ्या खिडक्या उघडाव्या लागतील, आणि हिंगाचा वास की वाऱ्याचा झटका यांतलं अधिक घातक काय यावर खल होईल. मोहरी तडतडेपर्यंत निर्णय लागत नाही, तेव्हा ती तडतडताच हिंग टाकून मोकळं व्हावं. भात जास्त शिजलाय हे एकमताने ठरेल. वरण सूप म्हणून आधी संपवलं जाईल आणि भात कोरडाच उरेल, म्हणून दोन्ही कालवूनच ताटात वाढावं. तरीही किसणी टेबलावर येईल. मच्छीवर चीज घालण्याची बंदी वरणाला लागू नाही, असा निकाल सिन्योरा स्वतः देतील, आणि तो अंमलातही त्याच आणतील. तेव्हा आपल्या ताटातल्या भातावर तूप सोडावं, लिंबू पिळावं आणि किसणी आपल्यापर्यंत फिरून येण्याआधी जेवायला लागावं.