एकोणतीस अक्षरांचा भाव

(रविवार सकाळ. ओटीवर रद्दीचे गठ्ठे. ताणकाट्याला एक जाडजूड डिक्शनरी लटकते आहे.)

रद्दीवाला : दोन किलो तीनशे. पुठ्ठ्याचे दोनशे वजा. एकवीस रुपये.

निवृत्त सर : अरे, उतरव ती! कोणी दिली तुला?

रद्दीवाला : बाईंनी.

सर : (आवाज खाली) तू आत्ता जे केलंस ना, त्याला हिच्यातच शब्द आहे. फ्लॉक्सिनॉसिनाइहिलिपिलिफिकेशन.

रद्दीवाला : मी काही केलं नाही सर! काटा शिक्क्याचा आहे.

सर : एखादी वस्तू कवडीमोल ठरवणं, असा अर्थ. इंग्रजीत 29 अक्षरं!

रद्दीवाला : कवडीमोलमध्ये पाच. आमचं पाचात भागतं.

सर : मूळ लॅटिन बघ. फ्लोकस म्हणजे लोकरीचा पुंजका, नॉकुम म्हणजे क्षुल्लक चीज, निहिल म्हणजे काहीच नाही आणि पिलुस म्हणजे केस.

रद्दीवाला : म्हणजे चारदा तेच?

सर : चारदा तेच. ईटन शाळेच्या लॅटिन व्याकरणात हे चौघं एका ओळीत बसलेले. किंमत शून्य सांगायची तर यांना षष्ठीत चालवा, असा नियम. कुणा टवाळाने त्यांची माळ ओवून मागे ‘करणे’चं शेपूट लावलं.

रद्दीवाला : आम्हीपण म्हणतो की. काडी, दमडी, फुटकी कवडी. पण एका वेळी एकच. तिन्ही ऐकवल्या तर गिऱ्हाईक रद्दी परत आत नेईल.

सर : 1741 साली विल्यम शेन्स्टन या कवीने पत्रात वापरलाय. एका गृहस्थाला पैशाची किंमत नव्हती, म्हणून कौतुकाने!

बाई : (आतून) तसला एक इथेही आहे. दूधवाला दोनदा येऊन गेला म्हणावं.

सर : (ऐकलं न ऐकलं करत) 2012 साली ब्रिटिश संसदेत एक खासदार बोलला हा शब्द.

रद्दीवाला : अडखळला नाही?

सर : ईटनचाच विद्यार्थी तो.

रद्दीवाला : दाखवा तरी कुठे आहे. एवढा लांब शब्द ओळीत मावतो कसा, बघू दे.

सर : (चष्मा चढवून) एफ... फ्लॅनेल... फ्लीट... फ्लोट... (पान उजेडाकडे धरतात. पानाला आरपार भोकं.)

रद्दीवाला : कसर लागलीय सर.

सर : नेमका तोच शब्द खाल्लाय!

रद्दीवाला : कसरीच्या मालाला दोन रुपये कमी. एकोणीस.