फंड आला म्हणे भाऊजींचा!

अहो वहिनी, कढीपत्ता नेताय तर दोन फांद्या जास्तीच न्या. आणि काय हो, भाऊजींचा फंड आला म्हणे? मला काय, दूधवाल्यानं सांगितलं. खराडीत वन बीएचके बघताय ना, 60 लाखांचा? 20 हजार भाडं कुठं गेलं नाही, असं म्हणाला असेल एजंट. आम्हालाही अस्संच म्हणाला होता. काही वर्षं झाली त्याला.

20 हजार म्हणजे वर्षाचे 2 लाख 40 हजार, 4 टक्के. ऐकायला बरं वाटतं. आता त्यातून वजा करत चला. मेंटेनन्स महिना अडीच हजार, झाले 30 हजार. मालमत्ता कराचे बाराएक हजार धरा. स्वतः राहणाऱ्याला महापालिका 40 टक्के सवलत देते, ती भाडेकरू आला की गेली. एक जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर घर रिकामं. मग दलालाला एक महिन्याचं भाडं. गीझर, नळ, रंग वेगळेच. हातात राहिले तर दीड लाख, म्हणजे अडीच टक्के! "एफडी केली असती तर," हे आमच्याकडे दर दिवाळीला ऐकावं लागतं. मी म्हणते, फ्लॅटची किंमत वाढली की. वाढलीय, खोटं कशाला बोलू? पण विकल्याशिवाय ती वाढ ताटात येते का?

कर्ज नाही ना काढणार? आमच्या भाच्यानं काढलं. 45 लाख, साडेआठ टक्के, 20 वर्षं. हप्ता 39 हजार, भाडं 20. आणि गावभर सांगतो, "भाड्यातच हप्ता फिटतो!" उरलेले 19 हजार बायकोच्या पगारातून जातात, ते ती सांगते.

बरं, नावावर कोणाच्या? तुमच्या एकटीच्या करा. बाईच्या नावावर स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी, म्हणजे तुमचे 60 हजार वाचले. जोडीला भाऊजींचं नाव लागलं की सवलत गेली. हसताय काय? आमच्याकडे यावरून चार दिवस अबोला होता. शेवटी यांचं नाव लागलंच.

भाड्यानं दिलात की भाड्याचा करार मात्र रजिस्टर करा हं. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हे कोणी तुमच्या डोक्यात घातलं असेल तर काढून टाका. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करायची जबाबदारी मालकाची. नाही केली आणि उद्या भांडण झालं, तर अटी भाडेकरू सांगेल त्याच खऱ्या धरतात. वर दंड नाहीतर तुरुंगही होऊ शकतो. खर्च किती? अकरा महिन्यांना स्टॅम्प ड्युटी साडेपाचशेच्या आसपास, नोंदणीचे हजार. नोंदणीवाला पोरगा मशीन घेऊन घरी येतो, अंगठा लावून जातो. पोलिसांनाही भाडेकरूची माहिती द्यायची असते, तेही त्यालाच सांगायचं.

घर भाड्यानं दिलं म्हणून सोसायटीवाले नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावतील. ते सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. आमच्याकडे सरसकट हजार मागत होते. सरकारी परिपत्रक सेक्रेटरींच्या हातात ठेवलं, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. बरंच झालं.

आणि भाडेकरू कोण आणणार? "फॅमिलीच हवी" असं म्हणतात सगळे. मीही म्हणायची. पहिल्या फॅमिलीच्या पोरांनी हॉलभर स्केचपेननं रेल्वे काढली. दुसऱ्या फॅमिलीतल्या आजी बाल्कनीत कबुतरांना दाणे टाकायच्या. वहिनी, कबुतरं काय घाण करतात ते तुम्हाला सांगायला नको! डिपॉझिटमधून चार हजार कापले, तर आजींनी मला शाप दिला. आता कंपनीत काम करणाऱ्या दोन मुली आहेत. भाडं 1 तारखेला, आणि नळ गळला तर स्वतः प्लंबर आणून मला फक्त बिल पाठवतात. सोसायटीला अजून पटत नाहीत म्हणे. मला पटतात.

रविवारी बघायला जाताय ना? मला सोबत घ्या. एजंट हॉलचा उजेड दाखवत बसेल, मी तोवर वॉचमनला विचारते, मे महिन्यात टँकर किती लागतात. आणि सकाळी नको, दुपारी चारला जाऊ. सकाळी टाक्या भरलेल्याच असतात, तेव्हा कुठलाही नळ धो धो येतो.