मागच्या स्पीकरमधला तबला

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, ५.१ चॅनेल असा थाट मिरवत फाइल संगणकातून निघते आणि ऑप्टिकल केबलच्या दारात अडकते. त्या केबलमधून न दाबलेल्या आवाजाची दोनच चॅनेल जातात. सहाही हवी असतील तर डॉल्बी डिजिटलमध्ये दाबून न्या, म्हणजे हाय-रेझोल्यूशनला तिथेच रामराम! एचडीएमआयला आठ चॅनेल चालतात. पण वाटेत विंडोजचा मिक्सर बसलेला. सेटिंगमध्ये स्टीरिओ आणि ४८ असेल तर तो सहा चॅनेलची दोन आणि ९६ चेही मुकाट ४८ करतो. ॲम्प्लिफायर बिचारा इमानदार: 'स्टीरिओ, ४८' असं सरळ दाखवतो. पण बघतो कोण? मालक डोळे मिटून पाहुण्यांना सांगत असतात, "मागच्या स्पीकरमधला तबला ऐका, सीडीत हे नव्हतं!" मागचे स्पीकर मुके. पाहुणे मात्र माना डोलावतात. चहा अजून यायचा असतो.