लाटणं आणि 14 व्होल्ट

डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला, तेव्हा सोसायटीच्या नोटिशीकडे पाहावं तसं मी त्याच्याकडे आठवडाभर पाहिलं. मग एका पावसाळी संध्याकाळी नळ स्टॉपच्या सिग्नलला आधी किशोरकुमार गप्प झाला, मग वायपर मलूल झाले, मग दिवे, आणि शेवटी इंजिन.

बॅटरी रात्रभर चार्जरला लावून सकाळी मल्टीमीटर टेकवला. इंजिन बंद असताना 12.5 व्होल्ट. चालू केल्यावर 14 च्या आसपास जायला हवं, ते 12.2 वर घसरलं. म्हणजे कमावता माणूस घरी बसला होता आणि संसार पुंजीवर चालला होता. अल्टरनेटर गेला! (मेकॅनिक लोक त्याला अजून डायनामोच म्हणतात, आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसं.)

"घरीच बदलतो," मी म्हणालो. आमच्या घरी खिळा वरवंट्याने ठोकतात, हे त्या क्षणी मला आठवलं नाही. बायकोला आठवलं. बोहरी आळीत जाऊन मी रिंग पाने, गोटी पाने, रॅचेट आणि गंज सोडवायचा स्प्रे घेऊन आलो. पिशवीच्या वजनानेच निम्मा मेकॅनिक झाल्यासारखं वाटलं.

पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं की माणसं जमतात. तळमजल्यावरचे काका दापोडीच्या एसटी कार्यशाळेतून निवृत्त. "आमच्याकडे 24 व्होल्ट असायचे," एवढं बोलून त्यांनी माझ्या 12 व्होल्टांची लायकी ठरवली आणि खुर्ची मागवली. मी थेट अल्टरनेटरच्या जाड वायरीला पाना लावणार, तोच ओरडले, "आधी बॅटरीचा मायनस काढ! किल्ली खिशात असली तरी त्या वायरीत बॅटरी जिवंत असते. पाना बॉडीला टेकला की दिवाळी."

मायनस काढला. पट्टा कुठून कसा फिरतो त्याचा फोटोही काढला. वरचा 12 नंबरचा बोल्ट शहाण्यासारखा सुटला. खालचा 14 नंबरचा मात्र सतरा वर्षं एकाच जागी राहिलेला, पागडीच्या भाडेकरूसारखा. तिथे रॅचेट मावेना, रिंग पाना फिरेना. स्प्रे मारून आम्ही चहा प्यायलो, पुन्हा स्प्रे मारला, पुन्हा चहा. तिसऱ्या चहाला तो कुरकुरत हलला.

नवा अल्टरनेटर बसवणं सोपं. पट्टा ताणणं हे तीन हातांचं काम आहे: एका हाताने अल्टरनेटर इंजिनपासून लांब रेटायचा, दुसऱ्याने बोल्ट आवळायचा, तिसऱ्याने घाम पुसायचा. रेटायला टॉमी हवी होती. काका म्हणाले, "लोखंड नको, अॅल्युमिनियमची बॉडी आहे, तडकेल. लाकूड आण."

बायको भाजी आणायला गेली होती. मी लाटणं आणलं.

ते अचूक बसलं. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण 10 मिलिमीटर दबला. काकांनीही दाबून पाहिला आणि मान डोलावली. इंजिन सुरू: 14.2. मी मल्टीमीटर जमलेल्या सगळ्यांना आरतीच्या तबकासारखा फिरवून दाखवला.

जुना अल्टरनेटर घेऊन डायनामोवाल्याकडे गेलो, मोडीत काही मिळतंय का बघायला. त्याने तो खोलला आणि झिजलेले दोन काळे तुकडे तळहातावर ठेवले. "साहेब, हे कार्बन बदलले असते तरी चाललं असतं."

हे मी घरी सांगितलं नाही. लाटणंही साबणाने दोनदा धुऊन जागेवर ठेवलं होतं.

रात्री पानात भात होता. नुसता भात.